मध्यंतराचा हार

या, असे जवळ सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर ऐकू येईल, पण पोचायचं नाही. गोष्ट रामाच्या उत्सवातली आहे, रामाची मात्र नाही. एका बाईच्या मनात घडलेली आहे, आणि मनातलं हळूच सांगावं लागतं. गोड नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. ऐकताना त्या बाईचा राग येईल. येऊ द्या. मधेच उठू मात्र नका, सगळी सांगणार आहे.

मृणालिनीबाई वैशंपायन त्या सकाळी अमेरिकेतल्या डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावी आपल्या घरात सिंकपाशी उभ्या राहून मेथी निवडत होत्या आणि ओट्यावरचा फोन वाजला. खिडकीबाहेर ड्राइव्ह-वेच्या कडेला ढीग करून ठेवलेला बर्फ होता, मार्चअखेरचा, काळा पडलेला, भोकं भोकं झालेला. ओल्या बोटानं त्यांनी फोन उघडला. मंडळाच्या मोठ्या ग्रुपवर सत्यजितचा मेसेज होता. सत्यजित मंडळाचा या वर्षीचा अध्यक्ष, नागपूरकडचा, चाळिशीतला, हसरा मुलगा. कमिटीच्या छोट्या ग्रुपवर टाकायचा मेसेज त्यानं घाईत सगळ्या गावाला पाठवला होता. 'लव्ह बाळकाका, बट ही गोज ऑन इंटरमिनेबली. जेवण थंड होतं, मुलं रडायला लागतात. या वर्षी कुणीतरी त्यांना सांगायला हवं यार.' त्या वाचत होत्या तोवरच मेसेज पुसला गेला आणि तिथं नुसती करडी ओळ उरली, मेसेज काढून टाकल्याची. बाळकाका म्हणजे त्यांचे यजमान. दर रामनवमीला, म्हणजे रामनवमीच्या जवळच्या शनिवारी, मंडळाच्या उत्सवात कीर्तन करायचे ते, आणि पेटीवर साथ करायच्या मृणालिनीबाई. त्यांना वाटलं, आता आपल्याला राग येईल. हातातली काडी तशीच धरून त्या रागाची वाट बघत उभ्या राहिल्या. राग आला नाही. दाढेत अडकलेला धागा, जिभेनं किती दिवस टोकरत असावं आणि एकदम तो निघून यावा, तसं काहीतरी झालं. इंटरमिनेबली. हाच शब्द. इतकी वर्षं त्या हा शब्द शोधत होत्या आणि तो आपल्याला माहीत असून सुचत नव्हता, कारण शोधतोय हेच कबूल केलेलं नव्हतं. मग त्या हलक्या वाटण्याचीच त्यांना शिसारी आली. त्यांनी नळ सोडला आणि निवडलेलीच मेथी पुन्हा धुतली.

बेसमेंटच्या जिन्यावरून बाळकाका वर आले ते स्वतःचा फोन हातात घेऊन. अंगात स्वेटर, खाली धोतर, पायात लोकरीचे मोजे. रियाजाला बसताना ते असेच बसत. "वाचलंस?" ते म्हणाले. चेहरा उजळलेला होता. "अहो, त्याने चुकून—" असं त्या म्हणेपर्यंत काका खुर्चीवर बसले सुद्धा. "शब्द बघ काय निवडलाय गधड्याने! एंडलेसली म्हणाला असता तरी चाललं असतं की. पण नाही. आता यात गंमत काय आहे, मृणाल, की अर्थ दोन्हींचा एकच, न संपता. पण समुद्र पसरलाय तो एंडलेसली. आई वाट बघते ती एंडलेसली. इंटरमिनेबली काय चालतं? मीटिंग. रूट कॅनल. विमानतळावरची लाइन. चांगल्या गोष्टीला हा शब्द लागतच नाही. का लागत नाही?" इथे त्यांनी कीर्तनातल्यासारखा हात वर केला आणि थांबले, उत्तर त्यांचं त्यांनाच द्यायचं होतं. "कारण याच्या पोटात एक कंटाळलेला माणूस बसलाय. एंडलेसली म्हणणारा माणूस त्या वस्तूकडे बघत असतो. इंटरमिनेबली म्हणणारा घड्याळाकडे. आणि फॉरएव्हर? तो तिसराच. आपला अमेय लहानपणी गाडीत मागे बसून म्हणायचा बघ, धिस इज टेकिंग फॉरएव्हर, तेव्हा तासाभरावरचं टोलीडोसुद्धा आलेलं नसायचं. लग्नाच्या कार्डावरही तोच आणि मुलाच्या किरकिरीतही तोच. शब्द बिचारा काहीही उचलतो, हमालासारखा." मग परपेच्युअली आला, त्यावरून यंत्रशाळेतलं कधीच न थांबणारं कल्पनेतलं चाक आलं, चाकावरून एकोणीसशे एकाहत्तर साली ॲन आर्बरला भेटलेले एक प्रोफेसर आले, त्यांची कुत्री आली. चहा गार झाला. "म्हणजे मी समुद्र नव्हे," शेवटी काका मोठ्यानं हसून म्हणाले, "मी मीटिंग!" मृणालिनीबाईही हसल्या. हसता हसता त्यांच्या ध्यानात आलं की आपण मघापासून मायक्रोवेव्हवरच्या हिरव्या आकड्यांकडे बघतोय.

गंमत अशी की या माणसाचा व्यवसाय आवाज घालवण्याचा होता. मोटारीच्या कंपनीत नवी गाडी तयार झाली की ती यांच्याकडे यायची. कुठून खडखड येते, कुठून घरघर येते, हे शोधायचं. त्यासाठी ते गाडीत डोळे मिटून बसत आणि दुसरं कुणी चालवी. अर्धा अर्धा दिवस एक शब्द न बोलता बसत असत म्हणे. हे त्यांच्या निवृत्तीच्या पार्टीत एका गोऱ्या सहकाऱ्यानं सांगितलं, क्वाएटेस्ट मॅन आय एव्हर वर्क्ड विथ, आणि सगळी मराठी टेबलं फिसकन हसली, मृणालिनीबाईंच्या हातातल्या ग्लासातलं पाणी हिंदकळलं. दिवसभर साठलेलं सगळं ते घरी आणत. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा डेट्रॉइटच्या विमानतळापासून अपार्टमेंटपर्यंत त्यांनी वाटेतल्या प्रत्येक कारखान्याची माहिती सांगितली होती, आणि नव्या नवरीनं काचेवर साचलेली वाफ बोटानं पुसत म्हटलं होतं, हो का. ते हो का अजून चालू होतं. त्यात वाईट काहीच नव्हतं. दारू नाही, जुगार नाही, आवाज कधी चढला नाही. सांगलीच्या बहिणी म्हणत, तुझं नशीब, आमच्याकडे तर तोंडातून शब्द काढायला चिमटा लागतो.

सांगलीहूनच तो फोन आला होता, आई गेल्याचा. रविवारची सकाळ होती, ऊन लख्ख होतं, लहानगा अमेय कार्टून बघत होता. तिकडे पोचणं शक्य नव्हतं, पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं असतं. बाळकाकांनी त्यांना सोफ्यावर बसवलं, हात हातात घेतला आणि बोलायला सुरुवात केली. आत्मा कसा जात नाही ते. मग आईंच्या हातची आमटी. मग स्वतःची आई गेली तेव्हाचं. मग पुन्हा आत्मा. मृणालिनीला रडायचं होतं. छातीत ते वर येत होतं, घशापर्यंत येत होतं, आणि दर वेळी त्यांच्या वाक्याला आणखी एक वाक्य फुटायचं आणि ते पुन्हा खाली जायचं. रडायला एक फट लागते. त्यांनी फटच ठेवली नाही. दुपारी ते उठून भात लावायला गेले, तिच्यासाठी, स्वतःच्या हातानं, तोवर रडू आटून गेलं होतं. नंतर कधीच आलं नाही. आणि हे त्यांनी सगळं प्रेमानं केलं होतं. प्रेमानं केलेल्याची तक्रार कुणाकडे न्यायची? मृणालिनीबाईंनी ती कुठेच नेली नाही. रोज देवापुढे निरांजन लावताना त्या म्हणायच्या, रामा, यांना उदंड आयुष्य दे, आणि मनापासून म्हणायच्या, आणि उदंड हा शब्द मात्र जरा घाईनं उरकायच्या.

निवृत्तीनंतर काकांनी कीर्तन मनावर घेतलं. पुण्याच्या एका बुवांकडे फोनवरून शिकले. हिने पेटी काढली. त्या वेळी मंडळात जुनी माणसं होती, डॉक्टर, इंजिनिअर, बरोबरची. त्यांना सगळं ठाऊक असायचं. आधी पूर्वरंग, म्हणजे एखाद्या संतवचनावरचं निरूपण. मग गजर होतो, सगळे टाळ्या धरतात, कुणीतरी पुढे होऊन बुवांना हार घालतं, बुक्का लावतं, बुवा वाकून नमस्कार करतात. हा मध्यंतराचा हार. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान, गोष्ट. लोक खरं तर गोष्टीसाठी येतात आणि गोष्ट हाराच्या पलीकडे असते. पुढे जुनी माणसं पांगली. कुणी गेलं, कुणी फ्लोरिडाला गेलं, कुणी मुलांकडे. हार घालणारं कुणी उरलं नाही. गजर संपल्यावर काका क्षणभर थांबायचे, मान किंचित खाली करायचे आणि मग स्वतःच पुढे चालू करायचे. समोर बसलेल्या पोरांना त्या थांबण्याचा अर्थ कळायचा नाही. मृणालिनीबाईंना कळायचा. पेटीचा सूर धरून त्या त्या वाकलेल्या रिकाम्या मानेकडे बघायच्या आणि दर वर्षी ठरवायच्या, पुढच्या खेपेस आपणच हार घेऊन येऊ. आणायच्या मात्र नाहीत. पेटीवर बसलेल्या माणसाला उठता येत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगून ठेवलं होतं.

या वर्षी एक वेगळं होतं. एरवी आख्यान त्यांच्यावर आधी आठ-दहा वेळा होऊन जाई, पोळ्या लाटताना, गाडीत, डेंटिस्टकडे. या वर्षी काकांनी बेसमेंटचं दार लावून घेतलं. "उत्तररंग सांगणार नाही तुला. समोर ऐक. एकदा तरी नवीन ऐक माझ्याकडून काहीतरी." ते लाजले होते. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस दाराशी उभा राहून लाजला होता. दारामागून झांजेचा आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. आयुष्यभरात त्या माणसानं त्यांच्यापासून राखून ठेवलेली ही एकच गोष्ट, आणि मृणालिनीबाईंना वाटायचं ते एवढंच, की आज दुपारभर शांत आहे.

रविवारी सत्यजित आला, बायकोला घेऊन. सावनी पुण्याची, चुणचुणीत. शिकागोला गेले होते, तिथल्या डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून पेढे आणले होते. "काकू, आय ॲम सो सॉरी यार," सत्यजित दारातच म्हणाला आणि तो 'यार' तोंडातून निसटल्यावर त्याचे कान लाल झाले.

"बूट काढ आधी. मग सॉरी म्हण."

"मी याला किती वेळा सांगितलंय, काकू, पाठवण्याआधी ग्रुप बघ म्हणून," सावनी म्हणाली. "परवा माझ्या आईला याने ऑफिसचा रिपोर्ट पाठवला, सेकंड क्वार्टरच्या रिस्क्सचा."

"आईंनी थम्ब्स अप केला," सत्यजित म्हणाला. "काका फार चिडलेत का?"

"छे. त्यांना शब्द आवडला."

बेसमेंटच्या बंद दारामागे झांज वाजली. तिघांनीही तिकडे बघितलं. सत्यजितनं आवाज खाली आणला. "पण काकू, खरं सांगू का? रागावू नका. गेल्या वर्षी केटररचा माणूस ट्रे परत न्यायला आला तेव्हा काका अजून लंकेत पोचले नव्हते."

"मारुती समुद्रावरच होता," सावनी म्हणाली. "आमची नीना विचारायला लागली, डझ ही हॅव टू पी?"

मृणालिनीबाई हसल्या. हसू त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठं आलं, त्याला एक धार होती, आणि ते थांबवायला त्यांना पदर तोंडाशी धरावा लागला. किती दिवसांनी असं कुणाबरोबर हसत होतो आपण, या माणसावर, त्याच्या मागे. गुदगुल्या झाल्यासारखं अंग शहारलं. आणि मग जे त्या बोलल्या ते ठरवून बोलल्या नाहीत. पण अडखळल्याही नाहीत. शब्द तयार होते, कुठेतरी आत रांगेत उभे होते. "त्यांना सांगून थांबवता येणार नाही. हो म्हणतील आणि बोलत राहतील. पण एक जागा आहे. पहिला भाग झाला की मोठ्यानं गजर होतो. तो संपला की ते थांबतात, मान खाली करतात. तेव्हा हार घालायचा. हार घालून घेताना ते बोलत नाहीत. तेवढ्यात तू माईक घे."

"म्हणजे तिथे संपतं ना कीर्तन?" सावनीनं विचारलं.

मृणालिनीबाईंनी पेढ्याचा कागद सोडवला. "तुमच्यापुरतं संपतं."

"काका हर्ट नाही ना होणार?" सत्यजित म्हणाला.

"हार घातल्यावर कोण हर्ट होतं?"

सत्यजितच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं हसू आलं. जिन्याशी बूट घालता घालता सावनीनं विचारलं, हार गुजराती दुकानात सांगू का, गुलाबाचा. आणि मृणालिनीबाई पटकन म्हणाल्या, "गुलाबाचा नको. त्यांना शिंका येतात. शेवंतीचा सांग." दार लावून त्या आत आल्या. पेढा अजून हातात होता, त्यांनी तो खाल्ला. टाळूला वेलदोडा लागला. त्यांना वाटलं, आपण काय केलं? मग वाटलं, काय केलं, हार घालायला सांगितला. इतकी वर्षं कुणी घातला नव्हता.

शनिवारी शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घेतलं होतं. एका भिंतीवर फळं-भाज्या खा म्हणून सांगणारं मोठं गाजर रंगवलेलं, त्याच्यासमोर स्टेज, स्टेजवर पाळणा आणि रामाची तसबीर. मागे केटररचे ट्रे मांडलेले होते, खालच्या निळ्या ज्योतींवर मसालेभाताचा वास सुटला होता. काका धोतर, अंगरखा, पागोटं घालून उभे राहिले. आतून थर्मल घातलेलं फक्त मृणालिनीबाईंना माहीत होतं. तबल्यावर सिद्धेश होता, ॲन आर्बरला बॅटऱ्यांवर रिसर्च करणारा विद्यार्थी. पूर्वरंग चांगला झाला. इतका चांगला की मृणालिनीबाईंच्या बोटांना घाम आला. निरूपण आटोपशीर होतं, पाल्हाळ नव्हता, मधे त्यांनी सत्यजितचं नाव न घेता मीटिंग आणि समुद्राचा दाखला दिला आणि सगळं कॅफेटेरिया खदखदून हसलं, सत्यजित डोक्याला हात लावून सगळ्यात जास्त. त्यांनी मेसेज मनावर घेतला होता. त्यांनी कापून, घासून, नीट करून आणलं होतं. मृणालिनीबाईंना वाटलं, सावनीकडे बघून मानेनं नको म्हणावं. सावनी पहिल्या रांगेत मांडीवर ताट घेऊन बसली होती, ताटात पिवळा हार, शेजारी बुक्क्याची वाटी. नजरानजर झाली. सावनी हसली, अंगठा वर केला. गजर सुरू झाला. गजरात पेटी सोडता येत नाही.

गजर संपला आणि काकांनी मान खाली केली. त्या रिकाम्या मानेत हार पडला.

त्यांनी दचकून वर बघितलं. आधी कळलंच नाही त्यांना. मग सावनीनं कपाळाला बुक्का लावला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मृणालिनीबाईंना खाली पट्ट्यांकडे बघावं लागलं. "अरे," ते माईकमध्ये म्हणाले, आवाज फुटला होता, "अरे, पोरांना ठाऊक आहे! मृणाल, बघितलंस? पोरांना मध्यंतराचा हार ठाऊक आहे!" डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला त्यांनी उपरणं उचललं, आणि तेवढ्यात सत्यजितनं माईक अलगद काढून घेतला. "काकांसाठी जोरदार टाळ्या! व्हॉट अ कीर्तन! आता जेवण रेडी आहे, दोन लाइन्स करू या प्लीज, किड्स फर्स्ट." टाळ्या खरंच जोरदार पडल्या. खुर्च्या सरकल्या. शंभर खुर्च्यांचे लोखंडी पाय एकदम लादीवर घासले गेले. "अहो, नाही, नाही," काका हसत हात वर करून म्हणत होते, "हे मध्यंतर आहे. उत्तररंग आहे अजून. बसा, बसा, गोष्ट राहिलीय." माईकशिवाय ते तिसऱ्या रांगेपर्यंतही जात नव्हतं आणि तिसऱ्या रांगेत कुणी नव्हतं. सिद्धेशनं तबल्यावर हात धरून मृणालिनीबाईंकडे बघितलं, काकू, पुढे? त्यांनी भाता बंद केला आणि त्याची कडी लावली. तो आवाज अगदी लहान होता.

काका वळले ते त्या आवाजाला. हात खाली आला. ते हसणं तोंडावर तसंच होतं, फक्त ते आता कुणाचंच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. गाडीत बसत असतील तसे उभे राहिले, पाठीमागे प्लेटा वाजतायत, मुलं ओरडतायत, हा माणूस गळ्यात हार घालून डोळे मिटून उभा. मग बोटांनी एक फूल चाचपलं, नाकाशी नेलं. "शेवंतीचा आहे," ते हळूच म्हणाले. "गुलाबाचा नाही." डोळे उघडले तेव्हा ते मृणालिनीबाईंकडे बघत होते. राग नव्हता त्यात. खडखड कुठून येते ते सापडल्यावर जे असेल ते होतं.

"जेवायला चला," मृणालिनीबाई म्हणाल्या. "गार होईल."

ते गेले. हार न काढता रांगेत उभे राहिले. लोकांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले, काका, या वर्षी एकदम क्रिस्प, परफेक्ट लेंग्थ. सावनीची छोटी नीना हातात जिलबी घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. "व्हेअर्स द स्टोरी?" ती म्हणाली. "यू सेड देअर्स ऑल्वेज अ स्टोरी." काका खाली वाकले, हार पुढे लोंबला, तिच्या जिलबीला लागू नये म्हणून त्यांनी तो एका हातानं धरला. "नॉट धिस टाइम, बेटा." मृणालिनीबाई मागेच होत्या. ताटातला भात त्यांनी पूर्ण खाल्ला. चव लागत होती, हेच त्यांना भयंकर वाटलं.

परतताना गाडीत काका काही बोलले नाहीत. मृणालिनीबाईंना वाटलं, रुसलेत. रुसवा असता तर बरं होतं, रुसव्याला एक टोक असतं. दुसऱ्या दिवशी काकांनी सकाळी चहा केला, साखर विचारली. हो म्हणत, नको म्हणत, औषध घेतलंस का म्हणत. बेसमेंटचं दार उघडं असे आणि आत काही वाजत नसे. अमेयचा कॅलिफोर्नियाहून फोन आला की, "बरा आहे, तुझं कसं," म्हणून हिच्याकडे देत. डॅड ओके आहे ना, तो विचारी, ही इज सो क्वाएट, आणि त्या म्हणत, अरे, वय झालं. घरात नवे नवे आवाज ऐकू यायला लागले. फ्रीज मधूनच हुंकारायचा. भिंतीतून पाणी उतरायचं. पहिल्यांदा कधीतरी भर दुपारी मृणालिनीबाई सोफ्यावर बसल्या आणि त्यांना वाटलं, आता फट आहे, केवढी तरी आहे, आता रडून घ्यावं. आईला आठवून बघितलं. तिचं नऊवारी आठवलं, हात आठवले. काही आलं नाही. समोर काका पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

मग त्याच बोलायला लागल्या. आधी कामापुरतं, मग त्याच्या पलीकडचं. दुकानात भोपळा कसा मिळाला, शेजारच्या शोभाची सून कशी बोलली, सांगलीच्या घराच्या मागची विहीर, शाळेतली एक मैत्रीण, तिचा भाऊ. एक संपण्याआधी दुसरं काढत, कारण मधल्या जागेत काय आहे ते त्यांना माहीत झालं होतं. काका पेपर खाली ठेवत आणि ऐकत. सगळं ऐकत, नजर न हलवता, शेवटच्या शब्दापर्यंत. असं काकांनी त्यांचं कधीच ऐकलं नव्हतं. त्या थांबल्या की मान हलवत. पुन्हा पेपर घेत. त्यांच्या त्या ऐकण्यात एवढा आदर होता की मृणालिनीबाईंना ओरडावंसं वाटे.

ऑगस्टमध्ये सत्यजितचा फोन आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, बहुतेक फ्लोरिडाहून, की मध्यंतराचा हार म्हणजे काय. तो जवळजवळ रडत होता. "काकू, मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं, तिथे संपतंच. तुम्ही म्हणालात ना—" तो तिथे थांबला. चांगला मुलगा, पुढे म्हणाला नाही. "गणपतीत काकांचं पूर्ण कीर्तन ठेवू. दोन्ही रंग. जेवण नंतर, कितीही वाजू देत. प्लीज विचारा ना." त्यांनी फोनवर हात ठेवून विचारलं. काका खिडकीशी उभे होते, लॉनवर फवाऱ्याचं पाणी फिरत होतं. ते वळून प्रसन्न हसले आणि त्यांनी मान हलवली, नाही.

फोन ठेवून त्या त्यांच्याजवळ गेल्या. इतक्या महिन्यांत जे विचारलं नव्हतं ते विचारायला तोंड उघडलं आणि आवाज लहान मुलीसारखा निघाला. "अहो, मला तरी सांगा. मी एकटी ऐकते. त्या दिवशी उत्तररंगात काय होतं?"

काका विचार करत राहिले. खरंच विचार करत होते, कपाळाला आठी होती, ओठ जरा हलत होते. लॉनवरचं पाणी एक फेरा फिरून आलं. मग त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, फार हलका, परक्या बाईच्या ठेवावा तसा.

"आठवत नाही गं," ते म्हणाले.

खरं म्हणाले की नाही, हे त्यांच्या डोळ्यांत बघून तिला कळलं नाही, पुढेही कधी कळलं नाही. एवढीच गोष्ट. बाळकाकांना लोक विसरणार नाहीत, नोव्हायमध्ये रामाचा पाळणा हलला की कुणी ना कुणी त्यांचं नाव काढतंच, हल्ली तर फारच प्रेमानं काढतात. तुमच्याकडे मागणं आहे ते दुसऱ्या माणसासाठी. उद्या सकाळी देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली, की शेवटी एक नाव मृणालिनीबाईंचं घ्या. त्यांनी काय केलं ते माहीत असूनही घ्या. त्यांच्यासाठी दुसरं कुणी घेत नाही.